सात की पंधरा

वेनिंगने प्रोग्रामिंग शिकणं गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता कायमचं सोडलं. तसं काही घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ.

...एंटरच्या बटणाखाली तीळ होता. एकच, पांढरा, इबूने, म्हणजे आईने, सकाळी तळलेल्या तिळाच्या गोळ्यांवरून उडालेला. बटण दाबलं की तो आत कुर्र करायचा आणि वाटायचं, मशीन काहीतरी चावतंय, गिळत मात्र नाही. वेनिंगने फुंकर मारली. केसातली पिन घातली. तो आणखी आत सरकला, आणि तिला उगाच बरं वाटलं — या घरात कुणीतरी एक जण तरी या लॅपटॉपमध्ये टिकून राहणार होता.

कारण टिकण्याचा प्रश्न गल्लीभर झाला होता. इबूचा नियम असा की काहीही नवं सुरू झालं की पिवळ्या भाताचा शंकू रचायचा, भोवती उकडलेली अंडी मांडायची, शेजाऱ्यांना बोलवून दुवा मागायची आणि मग शंकूचं टोक कापायचं. वेनिंगच्या पहिल्या कोर्सला शंकू झाला. कोर्स अकरा दिवस टिकला. दुसऱ्यालाही झाला, तो नऊ दिवस. तिसऱ्या वेळी शेजारी आपापले डबे घेऊनच आले, आणि कोर्स भात संपायच्या आधी संपला. तेव्हापासून जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या त्या गल्लीत भेटेल तो तिला मनापासून विचारायचा, की पुन्हा कधी सुरू करतेस? चौथ्या वेळी इबूने जाहीर केलं, की भात आता शेवटी. रविवारपर्यंत काहीतरी चालताना दिसलं तर शंकू, नाही दिसलं तर सोमवारी लॅपटॉप मावसबहिणीच्या लॉन्ड्रीत. तिथे निदान त्याच्यावर कुणी उसासे टाकणार नाही.

आणि उसासे तरी का नाही टाकायचे... पहिल्या कोर्समध्ये तापमान शून्याखाली गेलं तर ‘कोट घाला’ असा संदेश दाखवायचा होता. तिने तो इमानेइतबारे लिहिला आणि सोलोच्या उकाड्यात पंख्यासमोर बसून त्याची वाट पाहिली. दुसऱ्यात कुणा परक्याच्या दुकानातली पुस्तकं मोजायची होती. ती मोजताना आपण शिकत नसून कुणाच्या तरी घरी फुकट राबतोय असं तिला वाटत राहिलं — आणि मग एका दुपारी झाकण मिटायचं, नुसतं जेवणापुरतं, आणि ते जेवण तीन महिने चालायचं.

या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. या वेळी बुधे होती.

बुधे सुतार्मी, इबूची थोरली बहीण, वेतोन मोजायची. सोमवार-मंगळवार हे सात वार, आणि त्यांच्या जोडीने फिरणारे बाजाराचे पाच दिवस — लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. जन्माच्या दिवशी जी जोडी पडेल ते माणसाचं वेतोन. प्रत्येक दिवसाला आकडा, जोडीची बेरीज, आणि त्या बेरजेवर लग्न, घराचा पाया, विहीर. बुधे हे सगळं डोळे मिटून, तोंडात लवंग धरून, बोटांच्या पेरांवर करायची. आणि एका रात्री जेवताना वेनिंगच्या लक्षात आलं — घास तसाच हातात राहिला — की ही तर बाकी आहे. भागाकारातली बाकी! चौथीत भागाकार संपला की कोपऱ्यात उरायची, जिच्याकडे बाईसुद्धा बघायच्या नाहीत ती. दिवस मोजा, पाचाने भागा, उत्तर फेकून द्या आणि उरलेलं जपून ठेवा... अख्खं जावा बेट उरलेल्यावर लग्नं लावत होतं आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाच दिवस ती लिहीत होती. एरर यायचे, ती त्यांच्याशी भांडायची, भात थंड व्हायचा, आणि इबू दारातून बघून परत जायची.

गुरुवारी सकाळी परीक्षा होती. ओसरीवर बुधे, इबू, आणि शेजारचे पाक गियोनो, जे बोलावलं नसताना पारव्याचा पिंजरा घेऊन आले होते. इबूची जन्मतारीख घातली. बुधेची पेरं आणि मशीन एकाच वेळी थांबली, एकच उत्तर. बुधेची स्वतःची, तेही बरोबर. पाक गियोनोंनी पारव्याचाही जन्मदिवस आणला होता. तो गाण्याच्या स्पर्धेत कोणत्या दिवशी उतरवावा हा त्यांचा जुना घोर होता. पारव्याची बेरीज तेरा. बुधेने मान डोलावली. मशीनने बुधेचं ऐकलं होतं... नाही, बुधेने मशीनचं... वेनिंग आता स्वतःची तारीख घालणार होती, नुसती मौज म्हणून. बारा जून दोन हजार एक. कुर्र.

मंगळवार वागे. बेरीज सात.

सात ही या सगळ्या खेळातली सर्वांत लहान बेरीज. याच्या खाली काही नाही, तळ आहे.

“त्याला सांग, ही पोरगी बुधवार क्लिवोनची आहे,” बुधे म्हणाली. “पंधरा. मी मोजलं तेव्हा तू जन्मून अजून ओली होतीस.”

“पारव्यापेक्षा सहाने कमी,” पाक गियोनो पिंजऱ्यावर कापड घालत म्हणाले, जणू पक्ष्याच्या कानावर असलं काही पडायला नको.

इबूने फक्त लॉन्ड्रीच्या दिशेने पाहिलं.

सव्वादहाला झाकण मिटलं. म्हणजे, मिटलं नाही असं आपलं ठरलंय. तर ती दुपारभर मिरच्यांची देठं काढत बसली, आणि प्रत्येक देठामागे एक ओळ तपासली गेली — बारा जून खरं, भागाकार खरा, बाकी खरी, बुधेही खरी, कारण बुधे पन्नास वर्षांत चुकली नव्हती आणि मशीन पाच दिवसांत. मग चूक राहते कुठे, चुकीलाही कुठेतरी राहावं लागतं ना... आपण सोडलंय, हे तिने स्वतःला दोनदा बजावलं. सोडलेल्या माणसाने असं मोजू नये. तिने पुढची मिरची देठासकट टाकली.

पाचच्या सुमाराला बुधे चपला शोधायला लागली. आज रात्री येत नाही, म्हणाली, शुक्रवारची रात्र ना आज, पठण आहे.

शुक्रवारची. आज, गुरुवारी.

हातातली मिरची हातातच राहिली. दिवस मावळतीला बदलतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, कारण श्वास घ्यायला कुणी शिकवत नाही. जन्मापासून ती गुरुवारी संध्याकाळी शुक्रवारच्या पठणाला जात होती. आणि तिने कोर्समधल्या बाईच्या सांगण्यावरून दिवस मध्यरात्री बदलला! मध्यरात्री दिवस बदलताना तिने कधी पाहिलाच नव्हता. त्या वेळी ती झोपलेली असते. सगळी गल्ली झोपलेली असते, पारव्यासकट.

ती धावली. तिखट हातांनी झाकण उघडलं, डोळा चोळला, जे करायला नको होतं, आणि रडत रडत लिहिलं — वेळ सहाच्या पुढे असेल तर एक दिवस मिळव. पण जूनमध्ये सूर्य सहाच्या आधीच जातो. रोज वेगळ्या वेळी जातो. मग तिची वेळ?

“इबू, मी किती वाजता झाले?”

“मावळतीची अजान सुरू झाली तेव्हा तू नव्हतीस,” इबू विचार करून म्हणाली. “संपली तेव्हा होतीस.”

अजान सूर्य बुडायच्या जरा आधी सुरू झाली की नंतर, कोण सांगणार? आणि घड्याळ? सुईणबाईंचं होतं, पण त्या ते दहा मिनिटं पुढे ठेवायच्या, बाळंतिणींनी घाई करावी म्हणून.

वेनिंग हसायला लागली. तीन-चार मिनिटांची ती फट... एका काठावर सात, दुसऱ्यावर पंधरा, आणि ती मधेच, ओली, कुठल्याच दिवसात नसलेली. कुणा परक्याच्या दुकानातली पुस्तकं नव्हेत ही. सूर्याची वेळ मोजावी लागेल, रोजची, अक्षांशावरून. त्यासाठी ते कोनांचं गणित, जे तिला येत नव्हतं, मुळीच येत नव्हतं — आणि हे न येणं तिला या क्षणी चविष्ट लागत होतं. उद्या कोन. परवा सूर्य. रविवारपर्यंत होणार नव्हतं, हे तर उघडच होतं.

मशिदीतून तीच मावळतीची अजान सुरू झाली.

“सकाळी सोडलंस ना तू?” इबूने विचारलं.

“ते काल,” वेनिंग म्हणाली.

इबूने अजान संपेपर्यंत विचार केला. मग तिने तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं, आणि परत लावलं. त्यावरून काहीच ठरत नव्हतं.

ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखं एक चिन्ह टाकलं की मशीन ती ओळ वाचतच नाही. ती फक्त माणसांसाठी असते. वेनिंगने ते चिन्ह टाकलं आणि तिळावर बोट ठेवून लिहिलं:

संबंधित अधिकाऱ्यांस सविनय विनंती की, अर्जदार कोन शिकून येईपर्यंत, सोलो शहरातील दिनांक १२ जून २००१ चा सूर्यास्त स्थगित ठेवण्यात यावा.