मीटरवाल्याचं घर

“संडास कुठे आहे?” आर्किटेक्ट बाईंनी विचारलं.

बाबांनी कागद आपल्याकडे फिरवला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि नकाशावर वाकले. पुढची खोली, स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहून घेतली.

“राहिला वाटतं,” ते म्हणाले.

“मोरीपण राहिलीय.”

“मीटर आहे ना पण!” आई म्हणाली. “झालं तर मग. मीटरखालीच आंघोळ करू.”

मीटर होतंच. बाकीचं घर पेन्सिलीने काढलेलं आणि मीटर तेवढं लाल शाईने. पुढच्या दाराशेजारी, पाऊस लागणार नाही अशा आडोशाला, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं. बाबांनी अख्खी नोकरी वीज कंपनीत घरोघरची मीटरं वाचण्यात काढली. आमच्या गल्लीत, बाजारात, मी शिकवते त्या शाळेतसुद्धा लोक त्यांना ‘मीटरवाले’ म्हणूनच ओळखतात. लोकांनी माळ्यावर, कपाटामागे आणि एका ठिकाणी तर कोंबड्यांच्या खुराड्यात दडवलेली मीटरं शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने स्वतःच्या घराची सुरुवात तिथून केली यात नवल काही नव्हतं. संडास विसरला याचं मात्र मला थोडं नवल वाटलं.

बाई हसल्या नाहीत. वयाने माझ्याएवढ्याच, पण कामाला चोख. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने एकेक खोली मोजली आणि सगळ्यात मागच्या खोलीवर थांबल्या.

“ही कुणाची, काका?”

“अडगळीची.”

“अडगळीला दोन खिडक्या?”

“अडगळीलाही हवा लागतेच की,” बाबा म्हणाले.

“बरं. राहणार किती जण?”

“तीन,” बाबा म्हणाले.

“चार,” आई म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “तुम्ही घरी एकदा बोलून घ्या,” त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे असे बरेच लोक येत असणार.

चौथा माणूस म्हणजे माझा दादा. बाबांनी खटपट करून त्याला वीज कंपनीत चिकटवलं होतं. वर्ष भरायच्या आत त्याने ती नोकरी सोडली आणि एका नाटक कंपनीबरोबर रंगमंचावरच्या दिव्यांचं काम करत गावोगाव हिंडायचं ठरवलं. हे सांगायला त्याने वेळ निवडली ती काका आणि आत्या जेवायला आलेले असतानाची. चार माणसांसमोर बाबा ओरडणार नाहीत असा त्याचा हिशेब. दादाचे हिशेब पहिल्यापासून कच्चेच. “काय दिवे लावायचे ते बाहेर जाऊन लाव,” बाबा म्हणाले, “या घरात तुला जागा नाही.” आमचं घर म्हणजे एकामागे एक अशा भाड्याच्या दोन खोल्या. पाहुणे आले की तशी जागा तिथे कोणालाच नसायची. पण बाबा काय म्हणाले ते सगळ्यांना कळलं. दादा अर्ध्या जेवणावरून उठला, हात धुतले आणि गेला. त्याला आता सहा वर्षं झाली.

रविवारी सकाळी त्याचा आईला फोन येतो. नेमके त्याच वेळी बाबा बाजाराला जातात. जाताना पिशवी नेतात आणि बहुतेक वेळा ती रिकामीच परत आणतात. “भाजी बरी नव्हती,” म्हणतात. मला नसत्या चौकशा करायची सवय आहे, ती त्यांचीच देणगी. म्हणून मी एकदा त्यांच्या मागोमाग गेले. ते बाजारात गेलेच नव्हते. कोपऱ्यावरच्या बाकावर पिशवीची घडी मांडीवर ठेवून समोरच्या इमारतीच्या खिडक्या न्याहाळत बसले होते.

दुसऱ्यांच्या घरांचं त्यांना विलक्षण कुतूहल. “मीटरवाला आला म्हणून कोणी भांडण थांबवत नाही,” असं ते सांगतात, “रडणारं माणूसही डोळे पुसत नाही. आपण म्हणजे भिंतच.” आम्ही लहान असताना रात्री जेवताना ते आम्हाला घरं सांगायचे. एका घरात स्वयंपाकघराची वाट नव्या जोडप्याच्या खोलीतून जायची, म्हणून त्या घरात पाणी प्यायला निघालेला प्रत्येक जण आधी मोठ्याने खोकायचा. दोन भावांनी एक घर मधोमध वाटून घेतलं होतं, तर भिंत बरोबर खिडकीच्या मध्यावर आली. एकाला एक झडप, दुसऱ्याला एक. एकाला वारा हवासा झाला की दुसऱ्याला हमखास थंडी वाजायची. आणखी एका घरात जिना होता, पण वर मजलाच नव्हता. संध्याकाळी अख्खं कुटुंब त्या जिन्यावर पायरी-पायरीने बसून गप्पा मारायचं. मी पाहिलेलं सगळ्यात सुखी घर तेच, असं बाबा म्हणायचे. दादा विचारायचा, “मग आपणही एक जिना बांधू या का?”

अशा माणसाला आपलं घर आखायला मिळालं होतं. त्यांनी कागदांचा सडा पाडला. जुन्या खोलीतलं कपाट, पलंग, शिलाई मशीन, सगळ्याला टेप लावून झाला. आईला दोन्ही हात पसरायला लावून ओट्यासमोर किती जागा लागेल तेही मोजलं. आईने हात पसरले, पण तोंड उघडलं नाही. मागची खोली कागदागणिक आणखी मागे सरकत होती आणि आईचा पारा त्या मानाने वर चढत होता.

“त्याची खोली घराच्या मधे हवी,” अखेर ती म्हणाली. “स्वयंपाकघराला लागून. हे काय, पार कुंपणाला नेऊन टेकवलीत! मुलगा आहे का भाडेकरू?”

“ती अडगळीची खोली आहे.”

“मग त्या अडगळीला जन्म मी दिलाय.”

बाबांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक आधीच चांगलं होतं.

“हे बघा,” आई म्हणाली, “त्याला घरात घरासारखी जागा नसेल, तर मी इथेच बरी. भाडं भरायला माझी शिलाई आहे. तुम्ही बापलेकी जा नव्या घरात.”

मला वाटलं, रागाच्या भरात बोलली. पण दुसऱ्या दिवसापासून तिने घराच्या बोलण्यातून अंगच काढून घेतलं. ओटा कुठे हवा, खिडकी कुठे, कशालाच उत्तर नाही. जिने दोन खोल्यांत उभा संसार रेटला, तिला स्वतःचं स्वयंपाकघर मिळत होतं आणि ती त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती. मला बाबांचा फार राग आला. दादाचाही आला. तो तिकडे मजेत दिवे लावत होता आणि अंधार इकडे होता.

मधल्या एका शनिवारी शाळा लवकर सुटली म्हणून मी घरासाठी घेतलेल्या प्लॉटवर गेले. बाबा तिथे असणार हे ठाऊक होतं. करतात काय, ते बघायचं होतं. जमिनीवर विटांचे तुकडे ओळीने ठेवून त्यांनी सगळं घर मांडलं होतं. दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या. मी सरळ आत शिरले तशी ते ओरडले, “अगं, भिंतीतून काय येतेस! दार इकडे आहे.”

मी वळसा घालून दारातून गेले.

“बरी आलीस,” ते म्हणाले. “बस इथे.” एक बादली पालथी घातली होती. “ही पुढची खोली आणि ही माझी खुर्ची. तोंड रस्त्याकडे. पण एकटक नको बघूस. मी बसल्या बसल्या कसा इकडे-तिकडे बघतो, तसं बघ.”

मी बसले. ते कुंपणाबाहेर गेले, बाजूच्या बोळातून फिरून पाठीमागे आले आणि झुडपाजवळून मागच्या खोलीकडे चालू लागले.

“दिसलो?”

“दिसलात.”

त्यांनी मोरीची भिंत दोन हात सरकवली. या खेपेस नकाशात मोरी होती, हे मी मनातल्या मनात टिपून घेतलं. पुन्हा बाहेर, पुन्हा बोळ, पुन्हा आत.

“आता?”

“विटांवरून दिसणारच ना बाबा!”

“भिंत आहे असं समज. मी मोरीच्या आड जातो का, तेवढं सांग.”

“आता जाता.”

“अगदी बोळापासून?”

“अगदी बोळापासून.”

ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता आणि चेहऱ्यावर फार समाधान होतं. ते समाधान बघून माझं डोकं फिरलं.

“बाबा, दादासाठीच चाललंय ना हे? तो घरात आला तरी तुम्हाला दिसू नये म्हणून? त्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही का तुम्हाला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली वाकले आणि भिंतीची एक वीट नीट करत म्हणाले, “ऊन फार झालंय. चल, तुझी आई वाट बघत असेल.”

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. आधीच घरात काय कमी धुसफूस होती!

नकाशा नक्की करायच्या दिवशी आई आली ती माझ्या आग्रहाखातर. आर्किटेक्ट बाईंच्या टेबलाशी ती खुर्ची जरा मागे ओढून बसली, दुसऱ्याच कोणाचं काम असल्यासारखी. बाईंनी मोठा कागद पसरला. घर चांगलं दिसत होतं. संडास होता, मोरी होती.

“मागच्या खोलीला बोळाच्या बाजूने वेगळं दार हवं, असं काका परवा फोनवर म्हणाले,” बाई म्हणाल्या. “ते मी इथे घेतलंय. पण अडगळीच्या खोलीला बाहेरून दार म्हणजे...”

“बाहेरून दार?” आई ताडकन उठली. “बघ, म्हटलं नव्हतं मी? भाडेकरूच ठेवायचाय यांना!” तिने पिशवी उचलली. “चल गं. माझं काही काम नाही इथे.”

“थांब,” बाबा म्हणाले.

आई थांबली, पण बसली नाही. बाबा बोलले ते तिच्याशी नाही, माझ्याशीही नाही. बाईंशी बोलले, तेही नजर कागदावर ठेवून.

“आमच्या आत्ताच्या घराला एकच दार आहे. मुलगा एकदा आला होता. गेल्या उन्हाळ्यात, संध्याकाळच्या वेळी. गल्लीच्या तोंडापर्यंत आला. मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. त्याने मला बघितलं आणि मी त्याला. मी उठून आत जायला हवं होतं. नाहीतर निदान मान तरी फिरवायला हवी होती, म्हणजे आला असता तो आईला भेटायला. पण मला काही सुचलंच नाही. नुसता बघत बसलो. तो परत फिरला.”

आईने पिशवी छातीशी धरली होती.

“तुम्हाला माहीत होतं?” तिने विचारलं. आवाज इतका बारीक की मला तो तिचा वाटेना. “फोनवर मला म्हणाला, गाडी चुकली म्हणून येता आलं नाही.”

“गाडी चुकली नव्हती,” बाबा म्हणाले. मग पुन्हा बाईंकडे वळून, “त्याला येताना माझ्यासमोरून यायला लागू नये, एवढंच हवंय मला. बोळातून यावं, आपल्या खोलीत जावं, आईला, बहिणीला भेटावं. मी पुढे असेन. मला पत्ताही लागणार नाही, अशा रीतीने ती मोरी घेतलीय मधे. बसून बघितलंय आम्ही.”

त्या दिवशी बादलीवर बसून मी काय बोलले होते ते आठवलं आणि कुठे बघावं कळेना.

बाईंनी कामाचंच विचारलं, “मग या खोलीतून घरात यायचं दार ठेवायचं ना, काका?”

“ठेवायचं तर. त्याच्या बाजूने कडी ठेवा. त्याला वाटलं तर लावेल, वाटलं तर काढेल. आमच्या बाजूला काही नको. कडी नको, कोयंडा नको.”

आई खाली बसली. खुर्ची पुढे ओढली. बऱ्याच दिवसांनी तिने त्या कागदाकडे सरळ पाहिलं आणि मागच्या खोलीशेजारच्या चौकोनावर बोट ठेवलं. “इथे काय आहे?”

“तुमची झोपायची खोली,” बाई म्हणाल्या.

“ती हलवा पुढे. स्वयंपाकघर इथे घ्या. त्या दाराला लागून. त्याने कडी काढली की मला ऐकू यायला पाहिजे.”

“अगं, पण मग पुढे मी एकटाच पडेन,” बाबा म्हणाले.

“तुम्हीही मागेच बसा की,” आई म्हणाली. डोळे पुसत होती, पण बोलणं तिचं तिला परत सापडलं होतं. “पुढे कशाला हवी तुमची खुर्ची? सगळं तर मागे नेलंत.”

असं दुसऱ्या कोणाच्या घराविषयी बोलणं चाललं असतं तर बाबांकडे लगेच एखादं उदाहरण निघालं असतं. आता निघालं नाही.

“नको,” ते म्हणाले. “पुढे कोणीतरी असलेलं बरं. एखादे दिवशी तो पुढूनही येईल.”

बाईंनी रबर घेऊन स्वयंपाकघर खोडलं आणि मागे नेऊन काढलं. मग कोणी न सांगता पुढच्या खोलीत एक लहानशी खुर्ची काढली, दाराकडे तोंड केलेली. बाबांनी चष्मा लावून ती नीट बघितली आणि मान हलवली.