सगुणा हेच नाव

सासूबाईंनी दोरा दातांनी तोडला आणि झबलं उलटं करून सुनेपुढे धरलं. गळ्याच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्यानं नाव उमटलं होतं. सगुणा.

"आई, अजून नक्की कुठे झालंय?" सून म्हणाली, पण पाळण्यातल्या बाळाकडे बघत झबलं तिनं छातीशी धरलं. नाव सासूबाईंनीच एकदा सहज सुचवलं होतं आणि तिला ते फार आवडलं होतं. नवऱ्यानं मात्र कपाळाला हात लावला.

"अगं, पोरीला दात यायच्या आधी कवळी येईल! शाळेत सगळे आजी म्हणतील."

"म्हणू देत," सून म्हणाली. "माझ्या नावाच्या आम्ही वर्गात चौघी होतो. बाईंनी हाक मारली की चौघी उठायचो. हिच्या नावाला हीच उठेल."

"उगाच अडगळीत पडलंय चांगलं नाव," सासूबाई म्हणाल्या.

सासरे खिडकीशी कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. घरात भांडी आपटली तरी मान वर न करणारा माणूस. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"ते नाव नको. दुसरं काहीही ठेवा."

"का हो, बाबा?"

ते बायकोकडे पाहत राहिले. ती कपाट उघडण्यात गुंतली होती.

"बरं, ठेवा. पण मग न्हाणीच्या दाराला कडी राहणार नाही."

नवऱ्याला हसू आवरेना. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही खोटं नाही, असं पुटपुटत तो कामावर निघून गेला. सासरे पेचकस घेऊन आत गेले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सासूबाईंनी कपाटाच्या तळातून एक गाठोडं ओढून काढलं.

"नवं कशाला शिवायचं? तयार आहे सगळं."

आत फ्रॉकच फ्रॉक होते, तान्ह्या बाळापासून दोनेक वर्षांच्या मापापर्यंत. सगळ्यांच्या गळ्याशी तेच नाव होतं, फक्त लाल दोरा विटलेला.

"कुणाचे हो हे?"

"कुणाचे म्हणजे? सगुणाचे."

नवऱ्याच्या जन्माआधी या घरात एक मुलगी होती, हे आजवर तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यालाही नसावं.

सासूबाईंची शिवण सगळ्या गल्लीला ठाऊक होती. पोरांच्या कपड्याला त्या खाली रुंद दुमड ठेवायच्या आणि पोर वाढलं की ती उसवून द्यायच्या. सुनेनं एकेक फ्रॉक उलटून पाहिला. प्रत्येकाची दुमड सोडलेली होती, जुन्या घडीची रेघ कापडावर राहिली होती. शेवटच्या पिवळ्या फ्रॉकची दुमड मात्र जशीच्या तशी होती. एकही टाका उसवला नव्हता.

"याच्या पुढचा?"

"पुढचा लागलाच नाही." सासूबाईंनी दुमडीवरून अंगठा फिरवला. "आता सोडू ही. आली ना ती परत."

सुनेनं फ्रॉक खाली टाकला. ती उठेपर्यंत सासूबाईंनी बाळ उचललंही होतं.

"आई, अंघोळ आज राहू द्या. मी घालते नंतर."

"तू पड जरा. दमलीस." बाळाच्या टाळूवर ओठ टेकून त्या चालू लागल्या. "तेव्हा टॉवेल घ्यायला नुसती वळले होते गं मी. एवढंसंच. या खेपेला नाही वळणार. कुणाला आतसुद्धा येऊ देणार नाही."

न्हाणीचं दार लोटलं गेलं. टबात पाणी पडू लागलं.

सून धावली. दारापाशी पोचली तेव्हा आतून लाकडावर हात चाचपडत होता. वर, खाली, पुन्हा वर.

भिंतीला टेकून सासरे उभे होते. त्यांच्या मुठीत कडी होती.

"ढकल, पोरी," ते म्हणाले. "तेव्हा मला दार फोडावं लागलं होतं."