बोंबील थांबत नाहीत

चष्म्याचं घर शोधायला तिनं पर्समध्ये हात घातला आणि हाताला पिशवी लागली – घडी घालून रबरबँड लावलेली, आईच्या जुन्या परकराच्या कापडाची, धुऊन धुऊन मऊ पडलेली. भोवती विमानतळाची ती लखलखीत फरशी, अत्तरांची दुकानं, काचेतून दिसणारी विमानांची शेपटं… आणि मांडीवर ही पिशवी. इंदूरहून निघताना हिला कशाला घेतलं? घेतलं नव्हतंच. ती पर्समध्ये असतेच. घराची किल्ली एक वेळ विसरेल, पिशवी विसरणार नाही, अशातली मृणालिनी.

फोन वाजला. ओजस, तिचा मुलगा, कोइमतूरहून.

"पोचलीस ना? आता पुढच्या विमानाला आठ तास आहेत, लाउंजमध्ये जाऊन झोप मस्त. बाहेर पडू नकोस हं, ट्रॅफिकमध्ये अडकलीस तर वाट लागेल."

"बरं रे," ती म्हणाली. तोवर ती उभी राहिलेली होती.

मोठी बॅग परस्पर कोइमतूरला जाणार. हात मोकळे. आठ तास, आणि ते कुणाचेच नाहीत – नवऱ्याच्या, अनंतच्या जेवणाचे नाहीत, सासूबाईंच्या गोळ्यांचे नाहीत… छातीत काहीतरी शाळा सुटल्यासारखं धावत सुटलं. वार कोणता आज? बुधवार! म्हणजे देवांचीही हरकत नाही. समुद्र बघायचा, एखाद्या हॉटेलात तळलेल्या मासळीची थाळी खायची (अनंतच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत उकडावं लागतं) आणि गुपचूप परत यायचं. ताईकडे जायचं नाही. ताई वर्सोव्याला राहते यात समुद्राचा काय दोष?

"किधर, मॅडम?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"वर्सोवा. मच्छी मार्केट."

चौपाटी म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच आलं, आणि आलं ते तिनं दुरुस्त केलं नाही. मरोळ मागे पडलं, मेट्रोचे खांब एकामागून एक निघून गेले, तिच्या ओळखीची निम्मी घरं टॉवर होऊन उभी होती – आणि मग एका वळणावर वारा बदलला. खारट, ओला, सुकत घातलेल्या मासळीचा. इंदूरची माणसं नाक धरतील अशा त्या वाऱ्याला तिनं रिक्षाबाहेर तोंड काढून आत घेतलं. आई पुढे चालायची, मागे आम्ही दोघी… भाव करायची मी, पिशवी धरायची ताई. ताईला भाव करायची लाज वाटायची. "मृणाल, पुरे गं, देतेय ना ती," असं कानाशी कुजबुजायची, आणि घरी गेल्यावर सगळ्यांत जास्त बोंबील हीच खायची.

"काय गो बाय, नुसती बगतेस? आत्ताच बोटीवरशी आयलाय!"

कोळीण तिच्याच वयाची, केसांत अबोली. शेजारणीनं तिला शेवंती म्हणून हाक मारली. समोर बोंबलांचे वाटे चमकत होते.

"हे कालचे गं."

"कालचं? अगो, तोंड बग त्याचा कवरा गुलाबी हाय! डोले घरी ठेवून आयलीस काय?"

"डोळे आहेत म्हणून तर बोलतेय. वरचे नकोत, टोपलीतले काढ. आणि एवढासा वाटा? मांजराला घालायचाय का?"

शेवंती कमरेवर हात ठेवून हसली. "हितलीच गो तू! मना वाटला पावनी आयली."

मग काय… मृणालिनीच्या अंगात आलं. ती पदर खोचून वाकली, घासाघीस केली, उठून चार पावलं चालू लागली, हाकेनं परत आली, वर दोन बोंबील जास्तीचे घेतले, शेपट्या-पर कापून घेतले. रबरबँड काढून पिशवी झटकली, कागदात गुंडाळलेला वाटा आत गेला आणि ती विजयी मुद्रेनं बाजाराबाहेर आली. आता घरी जाऊन दाबून ठेवायचे पाट्याखाली, पाणी निथळलं की मीठ-मसाला लावून, रव्यात घोळवून—

घरी?

ती रस्त्यात उभीच राहिली. संध्याकाळचं विमान. कोइमतूर. हातात ओले बोंबील. पन्नाशी उलटलेली बाई, प्रवासाला निघालेली, आणि… तिला इतकं हसू आलं की शेजारून जाणारी दोन माणसं वळून बघू लागली.

परत द्यावेत? एवढं भांडून? शेवंती काय म्हणेल! कुंपणावरच्या मांजरानं फार आशेनं तिच्याकडे बघितलं. छे. बोंबील काही सरंगा नव्हे बर्फात पडून राहायला. ते थांबत नाहीत, या उन्हात तासाभरात पाणी पाणी होतील. त्यांना आत्ताच्या आत्ता शेगडी हवी, पाटा हवा. आणि आईचा पाटा होता पुढच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, ताईच्या ओट्याखाली.

आईच्या तेराव्याला मृणालिनी म्हणाली होती, आईची भांडी अशी लावू, तशी लावू. आणि सुनंदाताई, जिनं आईला सहा वर्षं उचललं-बसवलं, शांतपणे म्हणाली होती, "तू पाहुणी आहेस, मृणाल. चहा घे." तो चहा तिनं खरोखर घेतला. साखर जास्त होती. त्यानंतर फोन नाही, दिवाळीचा मेसेजसुद्धा नाही, तिचाही नाही, हिचाही नाही. राग येतो तो ताई खोटं बोलली याचा नाही… तिचं खरं होतं, त्याचाच.

पाय मात्र चालत होते. पर्समध्ये ओजससाठी घेतलेला शेवेचा पुडा होता. हवा तर तो द्यावा, पाहुण्यानं द्यायची ती वस्तू. पाहुणे शेव आणतात, पेढे आणतात, फळं आणतात. ओले मासे घेऊन कधी कुठला पाहुणा आलाय? मासळी आणतं ते घरचं माणूस. ताई दार लावून घेईल. घेऊ दे. पण पिशवी आत घेऊन मगच लाव म्हणावं, वाटा चांगला आहे.

दुसरा मजला. दाराला झेंडूचं सुकलेलं तोरण. आतून कुकरची शिट्टी, मग कुणीतरी चपला फरफटत चालल्याचा आवाज – ताईच, ती नेहमी उजवा पाय ओढते. पिशवीतलं पाणी पायपुसण्यावर टपटपत होतं. बेलवर बोट ठेवलं. काय बोलायचं ते बाजारापासून जुळवत आणलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. डोक्यात एकच काळजी दणादण नाचत होती, आणि त्या काळजीनं तिला इतकं हलकं, इतकं उतावीळ करून टाकलं होतं की तिनं बेल लागोपाठ दोनदा दाबली…

घरात रवा असेल ना? नसला तर खाली वाण्याकडे जायला हवं. मीच जाते पटकन.