पाय टेकवायचा नाही

माझा धाकटा भाऊ देवमन सायकलवरून न उतरता तीन-तीन दिवस फेऱ्या मारायचा. एकसष्ट सालच्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका मैदानात त्याचा खेळ लागला होता. कर्णा वाजत होता, लोक हार घालत होते, आणि हा सायकलवरच जेवत होता, दाढीही सायकलवरच करत होता. पाय जमिनीला लागला की खेळ मोडला. मी वलगावहून त्याच्या दिमतीला आले होते. सायकलीबरोबर पळत त्याला पाणी द्यायचं आणि जाता जाता पोटरी चाचपायची, हे माझं काम. बाकीचे नुसत्या टाळ्या पिटणारे.

पोटरीचं शास्त्र मला उत्तमराव डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुरुवातीला मांसातला प्राणवायू एकदम उतरतो, म्हणून पाय जड होतात. मग रक्त जोरात धावू लागतं, पुरवठा जमतो, पाय मोकळे होतात. जोर लावला की प्राणवायू पुन्हा खाली, हळू चालवलं की पुन्हा वर. शरीर थकत गेलं की मात्र तो भरून यायला जास्त वेळ लागतो. माझ्या हाताला तसंच लागायचं. पोरांनी शिट्ट्या मारल्या की हा वेडा सुसाट सुटे आणि पोटरी लाकडासारखी होई. थोड्या संथ फेऱ्यांनी ती मऊ पडे. दुसऱ्या दिवशी मात्र कितीही हळू चालवलं तरी ती मऊ पडेना.

त्याच दुपारी आमचे काका बुधाजी टांगा घेऊन आले. माय एकाएकी अत्यवस्थ झाली होती आणि देवमनला बोलावत होती. मी सायकलीबरोबर पळत त्याला सांगितलं, "उतर, टांग्यात बस."

त्यानं हँडल फाटकाकडे वळवलं. "सायकलीवरच जातो, अक्का. मायची खाट आंगनात काढा. तिच्याभोवती फेरी मारतो अन् परत येतो. पाय टेकवत नाही."

"मुडद्या, माय मरून राह्यली अन् तुले फेऱ्या सुचतात?"

"तिनंच सांगतलं होतं, काई झालं तरी खेळ मोडू नको."

"मंग हळू तरी जाय! पोटऱ्या मऊ पडल्या नाईत तुया अजून."

हळू कसला जातो! लोकांनी आरोळी ठोकली आणि तो दिसेनासा झाला. आम्ही टांग्यातून मागे निघालो. वलगावच्या अलीकडे तो रस्त्याच्या कडेला पडलेला दिसला. अंगावर सायकल, दोन्ही पाय आखडलेले. संथ चालवली असती तर आमच्या कितीतरी आधी घरी पोचला असता. मला त्याचा संताप आला आणि रडूही आलं. आम्ही त्याला उचलून टांग्यात घातलं.

घरी पोचलो तेव्हा शेजारची जाईबाई दारातच रडत होती. "आत्ताच गेली. सायकलीची घंटी वाजली का, विचारून राह्यली होती."

संध्याकाळी तिरडी उचलायची वेळ आली. देवमनला खांदा द्यायचा होता. चौकट धरून तो उठला आणि गुडघ्यातून दुमडला. पुन्हा उठला, पुन्हा कोसळला. अख्खं अमरावती ज्याचे पाय बघायला लोटलं होतं, त्याला आईमागे दोन पावलं टाकता येईनात. बुधाजी काकांनी त्याच्या जागी दुसऱ्याला घेतलं.

"जोरानं चोळ, अक्का!" तो ओरडत होता. "माय चालली!"

मी चोळत राहिले. तिरडी गल्लीच्या बाहेर गेली.