अर्ध्या वाक्यावर संपलेली बाजू

यशोधरेच्या आवाजाआधी नेहमी एक 'टक्' ऐकू यायचा. टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबल्याचा तो आवाज. त्यापाठोपाठ श्वास आत घेतल्याची बारीक चाहूल, आणि मग चौदा वर्षांच्या मुलीचा, नुकत्याच धुतलेल्या पाटीसारखा स्वच्छ स्वर : "इयत्ता दहावी, इतिहास, पाठ पहिला." हेमंतातली कोवळी दुपार माझ्या मागच्या खोलीच्या खिडकीतून तिरपी उतरून तिच्या पुस्तकावर पडलेली असायची, आणि ती ओळीखाली बोट धरून, उन्हाची कड जिथवर सरकेल तिथवर वाचत राहायची.

आमच्या कोथरूडला दुपारी एक ते चार या वेळात देवसुद्धा दार उघडत नाही, असं मी वर्गात गमतीनं म्हणत असे. माझी सकाळची शाळा. एकच्या सुमारास घरी आले की जेवण आणि नंतर वामकुक्षी, हा माझा पंचवीस वर्षांचा नेम. मी संस्कृत शिकवते आणि नियम पाळते, एवढीच माझी ख्याती होती. आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीनं, यशोधरेनं, नेमकी हीच वेळ मागून घेतली, कारण तिच्या घरी रस्त्याचा आवाज यायचा आणि माझ्याकडे शांतता होती. तरी त्या कॅसेट ऐकल्या तर पुस्तकाच्या मागे सगळी दुपार ऐकू येते : पारव्यांचं घुमणं, कुणाकडच्या तरी कुकरची उशिराची शिट्टी, आणि लांबून येणारा, दर आठवड्याला थोडा जवळ सरकणारा काँक्रीट मिक्सरचा घरघराट. मोकळी मैदानं संपत होती, इमारती उठत होत्या आणि त्यांतली मुलं एकेक करून कॅलिफोर्नियाला निघाली होती.

ती कुणासाठी वाचत होती, ते आधी सांगायला हवं. जवळच अंध मुलींचं एक छोटं वसतिगृह होतं. तिथली कुसुम त्या वर्षी दहावीला बसणार होती. वेल्ह्याकडच्या डोंगरातली सतरा-अठरा वर्षांची मुलगी, हसरी, उंच, आणि कुणालाही आपला त्रास होऊ नये म्हणून सदैव अंग चोरून बसणारी. तिच्यासाठी ब्रेलमधली पुस्तकं अपुरी, वाचून दाखवायला माणसं त्याहून अपुरी. यशोधरा शाळेच्या सहलीबरोबर एकदा तिथे गेली आणि परत आली ती कुसुमचा अख्खा इतिहास कॅसेटवर वाचून देण्याचं वचन देऊनच. तिचे वडील टेलिफोन खात्यात होते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांचं भरगच्च कपाट होतं, आणि ज्याला वाचता येतं त्यानं दुसऱ्याला वाचून दाखवावं, हे त्या घरात कुणी न सांगता मुलं शिकत होती.

टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेट यांच्यासाठी पैसे हवे होते, आणि वडिलांकडून घ्यायचे नाहीत हा तिचा हट्ट. तेव्हा तिनं एक उद्योग काढला. सोसायटीतल्या आजी-आजोबांना परदेशातल्या मुलांचे ई-मेल सायबर कॅफेतून छापून येत. मजकूर मराठी, पण अक्षरं इंग्रजी; त्यामुळे 'आई तू कशी आहेस' एवढं वाचायलाही चष्म्याला घाम फुटायचा. यशोधरा ती पत्रं मोठ्यानं वाचून दाखवू लागली, आणि ऐकणाऱ्यानं तिच्या बिस्किटाच्या डब्यात खुशीनं काही टाकायचं. पहिल्या मजल्यावरच्या नेने आजोबांनी दोन रुपये काढले आणि विचारलं, "समाजसेवा ना ही? मग पावती?" दुसऱ्या दिवशी तिनं वहीच्या कागदावर सुवाच्य पावती लिहून नेली. आजोबांनी ती चष्मा लावून वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "अक्षर बरंय. उद्या पुन्हा ये, मुलाचं नवं पत्र नाहीये, कालचंच वाच." पुढे महिनाभर ते तेच पत्र ऐकत होते.

दिवाळीनंतर वडिलांबरोबर जाऊन तिनं बुधवार पेठेतून टेपरेकॉर्डर आणला. मला तो दिवस तिच्या चालीसकट आठवतो. खोकं छातीशी धरलेलं, दोन्ही वेण्या त्यावर आलेल्या, आणि जिन्याची पायरी दिसत नाही म्हणून पायानं चाचपडत ती वर चढत होती. दारात पोचल्यावर म्हणाली, "बाई, कुसुमताई रोज असंच चढत असणार." त्या वाक्यानं मला माझ्या वयाची लाज वाटली.

माघ सरेपर्यंत इतिहास पुरा झाला. वाचताना मध्येच ती डोळे मिटून एखादं वाक्य पुन्हा म्हणायची, न पाहता ते कसं वाटतं ते बघायला. शेवटची कॅसेट वसतिगृहात देऊन आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी पंचवीस वर्षांत पहिल्या आलेल्या एकाही मुलीच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

परीक्षेला कुसुमची लेखनिकही तीच झाली. अंध विद्यार्थी उत्तर सांगतो आणि लेखनिक लिहितो. लेखनिक खालच्या इयत्तेतलाच हवा, म्हणजे त्याला स्वतःची काही भर घालता येऊ नये, अशी त्यामागची कल्पना. यशोधरा नववीत. नियमात अगदी चपखल बसत होती. इतिहास तिला तोंडपाठ असेल, हे नियम करणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार. केंद्र आमच्याच शाळेत होतं आणि त्या वेगळ्या खोलीवर पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली माझी.

फाल्गुनातली ती सकाळ. बाहेर पांगारा फुलला होता, खोलीत आम्ही तिघीच. यशोधरा प्रश्न वाचायची, कुसुम मान किंचित वर करून, जणू छतावर लिहिलेलं ऐकते आहे अशी, उत्तर सांगायची, आणि कागदावर पेन सुरसुरत धावायचं. ते दोन आवाज असे एका लयीत चालले होते की मी खुर्चीत सैलावले. तेवढ्यात यशोधरेनं वाचलं, "जंगल सत्याग्रहाविषयी माहिती लिहा," आणि पेन थांबलं.

कुसुमनं मान आणखी थोडी वर केली. मग हळूच हसली. "जंगलातबी सत्याग्रह झाला व्हता? ह्ये टेपमदी न्हवतं गं."

यशोधरेची नजर हातातल्या प्रश्नपत्रिकेवरून उचलली जाऊन माझ्याकडे आली. तिच्या ओठांवर सगळा परिच्छेद उभा होता, मला तो दिसत होता. कुसुमला फक्त पहिले दोन शब्द मिळाले असते, तरी तिनं उरलेलं डोंगरातल्या आपल्या घरच्या पोटापाण्यावरून सांगितलं असतं. "बाई..." एवढंच यशोधरा म्हणाली. आणि मी, नियम पाळणारी, तिच्याहून चाळीस वर्षांनी मोठी, म्हणाले, "सांगितलं तेवढंच लिही, यशोधरा."

"ऱ्हाऊ दे," कुसुम म्हणाली, "फुडचं वाच."

पेपर संपल्यावर व्हरांड्यात यशोधरेनं तिला विचारलं, तो पाठ अपुरा आहे हे तुझ्या लक्षात नाही आलं का? कुसुम म्हणाली, "एका बाजूला वाक्य अर्धंच ऱ्हायलं व्हतं. पर म्हनलं, पोरगी येवढी फुकट वाचतीया, तिला आनिक कशाला तरास." तिनं यशोधरेचा खांदा चाचपून थोपटला.

त्याच दुपारी यशोधरा माझ्याकडे आली, कुसुमकडून ती कॅसेट मागून घेऊन. आम्ही दोघींनी ऐकली. "ज्यांचे पोट जंगलावर अवलंबून होते, त्या लोकांनी..." आणि टक्. बाजू संपली होती, बटण उडालं होतं, आणि पुस्तकात बुडालेली ती पुढचं सबंध पान बंद यंत्राला वाचून दाखवत राहिली होती. पान संपल्यावर बघितलं तर फीत थांबलेली. आत्ताच थांबली असणार असं वाटून तिनं बाजू उलटली आणि पुढच्या पानापासून सुरुवात केली. तिनं मला विचारलं, "बाई, तुम्ही तेव्हा शेजारच्या खोलीत होतात ना? तुम्हाला काही ऐकू आलं नाही?"

मी म्हणाले, "झोप लागली होती."

ते खोटं होतं. मी तो टक् ऐकला होता. अर्धवट झोपेत ऐकला, आणि त्यानंतरही तिचा आवाज चालूच आहे हेही ऐकलं. उठून सांगावं असं वाटलं होतं. पण पांघरूण उबदार होतं, वेळ दुपारची होती, आणि बघेल तिची ती, असं म्हणून मी कूस बदलली. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. कुसुम बाकी सगळ्या विषयांत पास, इतिहासात सवलतीचे गुण धरूनही दोन गुण कमी. ती गावी निघून गेली.

आणि भाद्रपदात सोसायटीच्या गणपतीपुढे यशोधरेचा सत्कार ठरला. तिनं माझ्याकडे येऊन हात जोडले, थांबवा म्हणाली. मी अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, "हार सांगून झालाय, बाई. आता काय मी घालून घेऊ?" मंडपात शाल, श्रीफळ, टाळ्या, सगळं यथासांग झालं. अध्यक्ष कम्प्युटरपुढून न उठणाऱ्या आजच्या पिढीवर घसरले आणि शेवटी ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "कुसुमताई माझ्यामुळे नापास झाली." अध्यक्षांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघा, केवढी ही संवेदनशीलता!" पुन्हा टाळ्या. तिच्या अंगाहून मोठी ती शाल घेऊन ती टाळ्या संपायची वाट बघत उभी होती. पहिल्या रांगेत नेने आजोबा डोळे पुसत होते. मी दुसऱ्या रांगेत होते आणि मीही टाळ्या वाजवल्या, कारण माझ्या हातांना दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कोरी कॅसेट लावली आणि ते एकच पान वाचलं. बाकी सारी फीत रिकामी. "बाई, फेरपरीक्षेच्या आत पोचवाल?" मी कुसुमच्या गावी पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, परक्या, गिचमिड अक्षरात : 'कुसुमचे लग्न ठरले आहे. परीक्षेस बसणार नाही. टेप पाठवू नये, येथे मशीन नाही.' तेवढंच. ते कार्ड मी किती वेळा वाचलं असेल! कुसुमनं आणखी काही सांगितलं होतं का, की लिहिणाऱ्यानं तेवढंच लिहिलं? मागून दोन पत्रं टाकली, त्यांना उत्तर आलं नाही.

यशोधरा आता त्याच कॅलिफोर्नियात असते. गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करते. आवाज अजून तसाच, पाटी धुतल्यासारखा. माझी प्रकृती, तिची मुलं, हवापाणी सगळं होतं, आणि फोन ठेवायच्या आधी ती थोडी थांबते. "बाई, कुसुमताईचं काही कळलं?" मी नाही म्हणते. त्या थांबण्यात मला सगळं सांगून टाकता येईल, दरवर्षी येईल, आणि दरवर्षी ते न सांगता मी तिला आशीर्वाद देते.

टेपरेकॉर्डर कधीच बंद पडला. कॅसेट कपाटात आहे. त्या पानावर एकही चूक नाही आणि ते ऐकायला कुणी नाही. नेम मोडायला नको म्हणून मी अजून दुपारी आडवी होते. काळानं त्या खोलीतला आवाज नेला, ऊन नेलं, ती मुलगी नेली. पण दोनच्या सुमारास शेजारच्या खोलीत टक् वाजतो, त्यापुढे ती वाचतच राहते, आणि मी जागी असूनही उठत नाही.