चौथी कॉइल

सुदेशने टिश्यू पेपरचे टोक पिळून व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, टाकीत फिरवले, तळाचा चिकट ओलावा टिपला आणि लिक्विड तापवणारी कॉइल पुन्हा बसवली. आठवड्यातली ही तिसरी. तिच्यातल्या कापसावर लिक्विडचे थेंब सोडून तो दहा मिनिटे थांबला होता. वॅट कमी केले होते, हवेची फट पूर्ण उघडली होती. वाफ येत होती. चव नव्हती. रविवारच्या पांढऱ्या दुपारी ती वाफ खिडकीच्या काचेपाशी थोडा वेळ रेंगाळे आणि कोणाचीच नसल्यासारखी विरून जाई.

तो ओढत राहिला. आतून पर्णिका नाक दाबून आली.

"ममा, समथिंग इज बर्निंग!"

विनिताने ओट्याकडे पाहिले. गॅस बंद होता.

समोरच्या फ्लॅटमधला किसन अल नहदा या त्यांच्याच वस्तीतल्या एका व्हेपच्या दुकानात कामाला होता. सुदेशने त्याला बोलावून घेतले.

"द्या इकडे, दादा. रोज दहा गिऱ्हाइकं हेच रडगाणं घेऊन येतात."

त्याने एक झुरका घेतला आणि तो वाकलाच. खोकता खोकता त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"अहो, काय ओढताय काय हे! कापसाचा पार कोळसा झालाय. माणूस एका झुरक्यात फेकून देईल, आणि तुम्ही सकाळपासून... कमाल आहे तुमची! वहिनी, ह्यांना जेवणात तिखट घालता की नाही?"

विनिता हसली नाही.

"लिक्विड घट्ट आहे आणि तुम्ही ओढता भराभर. कापसाला भिजायला वेळच मिळत नाही," किसन म्हणाला. त्याने खिशातून नवी कॉइल काढली, कापूस भिजवला, टाकी भरली. "आता दहा मिनिटं. हात लावायचा नाही."

त्या दहा मिनिटांत सुदेशने चहाचा कप नाकाखाली धरला. बराच वेळ धरला. मग न पिताच खाली ठेवला.

किसनने आधी स्वतः ओढून पाहिले. "वा! थेट आंबा. घ्या."

सुदेशने डोळे मिटून झुरका घेतला.

"झकास," तो म्हणाला.

"मग खलास! येतो, वहिनी."

दार लागल्यावर विनिता टेबल पुसू लागली. पुसलेलीच जागा पुन्हा पुसत म्हणाली, "बुधवारी दूध करपलं. तुम्ही ओट्याला टेकून फोनवर बोलत होता."

"ताप येऊन गेल्यापासून," तो म्हणाला. "मला वाटलं, हेच बिघडलंय."

"कंपनीत कळलंय?"

हमरियातल्या अत्तराच्या कारखान्यात सोळा वर्षे त्याचे नाक नोकरीला होते. व्हिसा, हे घर, पर्णिकाची शाळा, सारे त्या नाकावर उभे होते. सिगारेट सोडून त्याने हे उपकरण धरले, तेही नाक जपण्यासाठीच.

त्याने नकारार्थी मान हलवली. मग बॅगेतून दोन कुप्या काढल्या: एक पसंत झालेला जुना नमुना, एक नव्या मालाचा. दोन्ही वास जुळतात की नाही, याचा अहवाल उद्या सकाळी द्यायचा होता. कागदाच्या दोन पट्ट्या त्याने एकेका कुपीत बुडवल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

"आधी ही, मग ती. घाई करू नकोस. लाकूड पुढे येतं की गोडवा? शेवटी घशाशी काही आंबट राहतं का?"

महिन्यापूर्वी अशाच पट्टीवर त्याने एका थेंबाची चूक पकडली होती. सबंध पिंप परत गेले होते.

विनिताने डोळे मिटले. पहिली पट्टी, दुसरी, पुन्हा पहिली. उत्तर न येणाऱ्या प्रश्नाशी अडलेल्या मुलीसारखी तिच्या कपाळाला आठी पडली. सुदेश तिच्या नाकपुड्यांकडे पाहत राहिला.

"दोन्ही छान आहेत," ती म्हणाली.

तिने पट्ट्या घाईघाईने पुन्हा नाकाशी नेल्या.

"खरंच. खूप छान आहेत."

सुदेशने अहवालाचा कागद पुढे ओढला आणि पेनाचे टोपण काढले.