येसाजीने हात काढला

मी खांब बोलतोय. रेवदंड्याजवळच्या कोळीवाड्यात, येसाजी तांडेलाच्या अंगणात, बोंबील वाळवायच्या दांड्या खांद्यावर पेलणारा उंडीच्या लाकडाचा खांब. माझ्याजवळून जाताना तुम्ही नाक दाबता, ठाऊक आहे मला. आज मात्र जरा थांबा.

मला येसाजीनेच तोडलं, तासलं आणि इथे पुरलं. तेव्हा तो हलत्या होडीच्या काठावरून सहज चालायचा. तेहेतीस सालच्या शिमग्यात होडी आणि धक्का यांच्यामध्ये त्याचा घोटा सापडला. हाड जुळलं, पण सपाट अंगणातही तो झोकांड्या खाऊ लागला. नारळी पुनवेपर्यंत पाय ठरला नाही, तर होडी हाकायचा मान, तांडेलकी, धाकट्या भावाकडे, धर्माजीकडे जायची होती.

त्याची मुलगी कोकिळा सातवी शिकलेली. शाळेतल्या दयाराम मास्तरांना गाठून ती वृक्षासन शिकून आली.

"बा, हात खांबाव ठेव. आधी चांगल्या पायाव उभा र्‍हा, मंग दुखऱ्या. दुसऱ्या पायाचा तळवा पोटरीव टेक. गुडघ्याव न्हाय, त्यानं गुडघा वाकडा दबतो."

"आन श्वास?"

"घे की! कोंडतोस कशाला? बुडी मारायची हाय?"

नजर समोरच्या भिंतीवरल्या चुन्याच्या ठिपक्यावर ठेवायची, असं मास्तरांनी सांगितलं होतं. येसाजीची नजर मात्र जन्माच्या सवयीने समुद्राकडे जायची. लाट हलली की तोही हलायचा. मग कोकिळा त्याची हनुवटी धरून तोंड भिंतीकडे वळवायची.

सुरुवातीला त्याचं सगळं ओझं माझ्यावर असायचं. महिन्याभरात घोटा बळकट झाला, कंबर सरळ झाली. पुढे त्याची दोनच बोटं मला टेकू लागली. विहिरीवर तो काठीशिवाय जाऊ लागला. ती बोटं मला फार आवडायची.

पण हे वडीलधाऱ्यांना बघवेल तर ना! येसाजीच्या आईने, गोदूबाईने, लेकाच्या पायासाठी गावदेवीला नवस बोलला होता. तिच्या मते एका पायावर उभं राहणं म्हणजे तोच नवस फेडणं. उपाशीपोटी करायचं, समुद्राकडे तोंड करून करायचं, आणि आधार घेतला की नवस मोडला.

शेजारचा म्हातारा कोंडाजी हसला, "तांडेल हाय का बाळंतीण? खांब कशाला लागतो?"

कोकिळा मास्तरांकडे गेली होती, तेवढ्यात गोदूबाई आणि कोंडाजीने येसाजीला दुखऱ्या पायावर उभं केलं. सकाळपासून पोटात अन्न नाही. पावसाने अंगण निसरडं. येसाजीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात काढला. मी जागचा हलू शकत नाही, याचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

उचललेल्या पायाचा तळवा घसरून दुखऱ्या पायाच्या गुडघ्यावर रुतला. समोर मोठी लाट उठली, तिच्याबरोबर तो झुकला आणि पडला. गुडघा पिळवटला.

"नवसात खोट र्‍हायली," गोदूबाई पुटपुटली.

परतलेली कोकिळा दारातूनच कडाडली, "खोट तुमच्या हट्टात हाय, आजी! उपाशी मानूस, वला चिखल, धरायला काय न्हाय! देवीनं सांगितलं व्हतं का खांब सोड म्हनून?"

"तोंड सांभाळ, बाय."

"आजवर तेच केलं. म्हनून बा पडला."

नारळी पुनवेला होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, धर्माजी उभा होता. वाजंत्री वाजत असताना येसाजी उंबऱ्यात पाय पसरून बसला होता. त्याच्याकडे बघायची कुणाची छाती झाली नाही. पुढे दीड महिना तो माझ्याजवळ फिरकला नाही.

मग एका सकाळी आला. न्याहारी करून, कोरड्या जमिनीवर. दोन्ही पाय खाली आणि हात माझ्यावर. हळूच टाचा उचलल्या, टेकल्या. कोंडाजी कुंपणापलीकडून खाकरला, "बाळंतीण आली वाटतं."

येसाजीने भिंतीवरची नजर हलवली नाही. हातही काढला नाही.

"व्हय, आली," तो म्हणाला.

आता माझं बूड कुजलंय. खाऱ्या मातीने मला आतून पोखरलंय. बोंबलाचा हंगाम सुरू होण्याआधी मला उपटायचं, असं धर्माजी म्हणतो. खुशाल उपटा. चुलीत घातलंत तरी माझी तक्रार नाही. एवढंच करा, आधी येसाजीच्या हाताशी दुसरा खांब पुरा. पडल्यापासून तो अजून एकट्या दुखऱ्या पायावर उभा राहिलेला नाही.